जोडीदाराची हजेरी

डोळ्यांत थेंब घालून अर्धा तास झाला होता. बारामतीच्या त्या दवाखान्यातल्या बाकावर आम्ही सात-आठ जण डोळे मिटून ओळीने बसलो होतो आणि नर्स मधूनच येऊन, "कुणी उघडायचे नाहीत हं," असं बजावून जात होती. मी चौतीस वर्षं पोरांना असंच बजावत आले, त्यामुळे मला मनातून हसू येत होतं. तेवढ्यात पर्समधला फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. मग मेसेज येत राहिले, एकामागून एक. मी फोन काढून डोळे उघडले, पण अक्षरं सगळी पाण्यात बुडाल्यासारखी दिसत होती. शेजारी इंदापूरची एक बाई सासूला घेऊन आली होती, तिच्यापुढे फोन धरला आणि काय आलंय ते वाचून दाखवायला सांगितलं. तिने आधी मनात वाचलं असावं, कारण ती जरा थांबली. मग हळू म्हणाली, "तांबोळी सर गेले, असं लिहिलंय. आज साडेचारला दफन..." आणि माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "तुमचे कोण?"

मला सांगता येईना. नात्याचे नव्हते, गावचे नव्हते, एका शाळेतले नव्हते. मी म्हटलं, आम्ही एका सहलीत होतो. तिला ते पुरेसं वाटलं नसणार, पण तिने पुढे काही विचारलं नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं नर्सने येऊन मला झापलं, सगळं औषध वाहून जाईल म्हणाली. तिचंही बरोबरच होतं. तपासणी तशीच टाकून मी पुतण्याला बोलावलं आणि वडगाव निंबाळकरला गेले. तिथे शेवटचं बघायला बायकांना आत घेतलं, तेव्हा पांढऱ्या कापडाचा एक आकार मला दिसला. चेहरा असा दिसलाच नाही. जरा वेळाने औषध उतरलं, भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचता यायला लागलं, पण तोवर त्यांना नेलं होतं.

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. बशीर तांबोळी सरांवर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यांचे विद्यार्थी ते माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी लिहायला बसले ती माझी एक गोष्ट सांगायची राहून गेलीय म्हणून. ती त्यांच्या हयातीत, चार लोकांसमोर सांगायला हवी होती. सरांच्या नावावर एक चूक गेली दहा-अकरा वर्षं चिकटून आहे. वडगावात अजूनही त्यांचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतंच, माणूस देवासारखा, पण त्या सहलीत मात्र... ती चूक त्यांची नव्हती. माझी होती. ती कशी झाली हे कळायला मात्र आधी त्या सहली काय होत्या ते सांगावं लागेल.

सर वडगावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. उंच, सडपातळ, हात कायम पाठीमागे बांधलेले, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्याला कान द्यावा लागे. निवृत्त झाल्यावर त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरलं. त्यांचं म्हणणं असं की आपल्या भागातला माणूस घराबाहेर पडतो तो लग्नाला, देवाला नाहीतर दवाखान्यात. नुसतं बघायला म्हणून कुणी कुठे जात नाही. पाचशे-सातशे वर्षांपूर्वी कुणीतरी दगड फोडून, घासून, वर चढवून एवढं करून ठेवलंय आणि आपण त्याला पाठ लावून भेळ खातो, याचा त्यांना खरोखर त्रास व्हायचा. मग एके दिवशी आसपासच्या गावांत, पिठाच्या गिरणीवर, दूध डेअरीत, सोसायटीच्या भिंतीवर त्यांच्या सुंदर अक्षरातले कागद लागले. 'सहल. देवदर्शन नाही. खरेदी नाही. फक्त बघणे.' आमच्या माळेगावात लोक तो कागद वाचून हसले. मीही हसले. माझ्या निवृत्तीला तेव्हा वर्ष व्हायचं होतं, आमचे मालक कारखान्यातून सुटल्यापासून टीव्हीसमोरून हलत नव्हते, आणि घरात दोन निवृत्त माणसं दिवसभर समोरासमोर बसली की काय होतं ते अनुभवी लोकांना ठाऊक आहे. मी नाव दिलं.

नाव दिलं म्हणजे घेतलंच असं नव्हतं. मोठ्या सहलीआधी एक परीक्षा असायची आणि ती लोणी भापकरला व्हायची. तिथल्या जुन्या देवळाच्या पुष्करणीवर सर सगळ्यांना पायऱ्यांवर बसवत आणि सांगत, तासभर इथेच बसायचं. बोला, पाणी प्या, पण उठायचं नाही. तास झाला की प्रत्येकानं एक गोष्ट सांगायची, जी बसल्या बसल्या दिसली नव्हती आणि नंतर दिसली. ज्याला तासभर बसवत नाही त्यानं मोठ्या सहलीला येऊ नये, तो दुसऱ्यांना घाई करतो. पहिल्या वीस मिनिटांतच सहा-सात जण उठून चहाच्या टपरीकडे गेले. मी बसले. माझी पाळी आली तेव्हा मी पुष्करणीचं स्थापत्य, कोनाड्यांची प्रमाणबद्धता वगैरे बरंच बोलले. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, हे तुम्ही घरूनच आणलंत." सगळे हसले, मला भयंकर राग आला. माझ्यामागे वडगावच्याच हौसाअक्का बसल्या होत्या, साठी उलटलेल्या, घरी दोन म्हशी आणि तीन सुना. त्या म्हणाल्या, "त्यो चवथ्या पायरीचा दगुड मागनं बशिवलाय. बाकीच्यांवर टाकीचा घाव उजवीकडनं हाय, त्येच्यावर डावीकडनं." सर उठून त्या पायरीपाशी गेले, उकिडवे बसून त्यांनी दगडावरून हात फिरवला. चाळीस वर्षं ते तिथे येत होते आणि त्यांना ते दिसलं नव्हतं. त्यांनी अक्कांना हात जोडले आणि यादीत पहिलं नाव त्यांचं लिहिलं. मला वाटलं, माझं काही खरं नाही. पण घेतलं मलाही, बहुधा राग गिळून बसून राहिले म्हणून.

आता जोडीचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. सर सहलीत डोकी मोजत नसत. ते दोघादोघांच्या जोड्या लावत. जोडी नात्यातली चालायची नाही, एका गावातली तर नाहीच. आणि हजेरी स्वतःची द्यायची नाही, जोडीदाराची द्यायची. गाडी सुटायच्या आधी सर हातात यादी घेऊन सीटांमधून चालत येत आणि जोडीतला जो आधी भेटेल त्याच्यापाशी वाकून विचारत, जोडीदार? आपण मागेपुढे बघून खात्री करायची आणि आहे म्हणायचं. मग ते दोघांच्याही नावांपुढे खूण करून पुढे जात. मी एकदा त्यांना म्हटलं, यापेक्षा मोजणं सोपं नाही का? ते म्हणाले की मोजलं तर काळजी एकट्या मोजणाऱ्याला, बाकीचे सगळे निर्धास्त. असं केलं की प्रत्येकाला कुणाची तरी काळजी. माझी जोडी त्यांनी हौसाअक्कांशी लावली. त्या दिवशीच्या माझ्या भाषणाची ती शिक्षा होती असं मी बरेच दिवस समजत होते.

पहिली सहल जवळचीच, इंदापूर तालुक्यात पळसदेवला. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की धरणात बुडालेलं तिथलं जुनं देऊळ वर येतं, ते बघायला टेम्पोतून गेलो. दुसऱ्या वर्षी वेरूळ, देवगिरीचा किल्ला आणि अजिंठा. अजिंठ्याचं मला लिहिलंच पाहिजे. आमचं घर छप्पन्नच्या दीक्षेपासूनचं. माझे वडील तेव्हा विशीतले होते, आणि आमच्या मातीच्या भिंतीवर बुद्धाचं एक चित्र होतं, कॅलेंडरमधून कापून काचेत बसवलेलं. वडील रोज त्यापुढे उभे राहायचे. अजिंठा बघायची त्यांची फार इच्छा होती, ती राहिली. हे मी सरांना कधी सांगितल्याचं आठवत नाही, बोलता बोलता गाडीत अक्कांना सांगितलं असेल. महापरिनिर्वाणाची ती मोठी मूर्ती ज्या लेण्यात आहे, त्याच्या दारात सरांनी सगळ्यांना थांबवलं. चाळीस माणसं, ऊन चढलेलं, पाय दुखत होते. सर म्हणाले, बाईंना आधी जाऊ दे, आपण दहा मिनिटांनी जाऊ. कुणी का म्हणून विचारलं नाही. मी आत गेले, बुद्धाच्या पायांपासून उशापर्यंत चालत गेले, परत आले, परत गेले. वडिलांसाठी रडायचं माझं राहिलं होतं ते तिथे रडून झालं. बाहेर आले तेव्हा सर माझ्याकडे न बघता सगळ्यांना म्हणाले, चला. पुढे त्यांनी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. माणसाला काय द्यावं हे ज्यांना कळतं असे लोक मी थोडे पाहिलेत, आणि देऊन झाल्यावर गप्प बसणारे त्याहून थोडे.

तिसरी सहल विजापूरची. तीन दिवसांची होती. आधी वाटेतला नळदुर्गचा किल्ला, मग विजापुरातल्या मशिदी, तट, तोफ, गोल घुमट आणि शेवटी परतायच्या दिवशी दुपारी इब्राहिम रोजा. त्या इमारतीच्या भिंतींवर दगडात कोरलेली अक्षरं आहेत, खिडक्यांची जाळी म्हणजे तीसुद्धा अक्षरंच. मला अक्षरांचं वेड. मला ती खिडकी न् खिडकी बघायची होती. पण माझी जोडी होती अक्कांशी, आणि अक्कांचं बघणं वेगळं. त्या हिरवळीवर माळीणबायांपाशी जाऊन उभ्या राहायच्या, चप्पल एका दारात काढून दुसऱ्या दाराने बाहेर यायच्या, कुत्र्याला बिस्किट घालायला मागे राहायच्या. तीन दिवस मी अक्कांच्या चपला शोधत होते. इब्राहिम रोजात पाचव्यांदा त्या दिसेनाशा झाल्या तेव्हा मी त्यांना शोधून काढलं आणि तोंडाला येईल ते बोलले. म्हणाले की तुमच्यामुळे माझं सगळं बघायचं राहिलं, तुम्ही घरीच म्हशींपाशी बसायला हवं होतं. अक्का पदराने तोंड पुसून नुसत्या, "बगा की मग तुमी," म्हणाल्या. मी तरातरा गाडीत येऊन खिडकीशी बसले आणि डोळे मिटून घेतले.

अक्का गाडीत एका जागी कधीच बसत नसत. कधी पुढे ड्रायव्हरच्या मागे, कधी मागच्या सीटवर बायकांच्या घोळक्यात. त्यांची पिशवी तेवढी माझ्याशेजारी असायची, तीही होती. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं, पुढे कुणी गाणं लावलं होतं. सर यादी घेऊन आले आणि माझ्यापाशी वाकले. "जोडीदार?" मी डोळे उघडले नाहीत. म्हटलं, "आहेत. मागे बसल्यात." एवढंच. मागे वळून बघायला मला मान वळवावी लागली असती, दुसरं काही नाही. पण मी रुसले होते, आणि रुसलेल्या माणसाला मान वळवणं जड जातं. सरांनी खूण केली आणि ते पुढे गेले. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. तीच तर त्यांची पद्धत होती.

तासाभराने चहाला गाडी थांबली तेव्हा कळलं. मागच्या बायकांना वाटत होतं अक्का पुढे आहेत, पुढच्यांना वाटत होतं मागे. अक्कांकडे फोन नव्हता, अक्षरओळख नव्हती, आपली भाषा सोडून दुसरी भाषा नव्हती. गाडी उलटी फिरवली. त्या तासाभरात गाडीत जो कालवा झाला, त्यात एकाने विचारलंच, हजेरी झाली होती ना, मग म्हातारी राहिली कशी? मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते... पण त्याआधी सर उभे राहिले आणि म्हणाले, "माझी चूक. मी अक्कांच्या नावापुढे न विचारताच खूण केली." हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या काचेतून रस्ता बघत होते.

अक्का तिथेच होत्या. हिरवळीवर माळीणबायांच्या ओळीत बसून, कुणाचं तरी खुरपं घेऊन तण काढत होत्या. त्या बायकांनी त्यांना भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली होती. मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "लई येळ लावला. माझं दोन वाफं झालं." पुढे मरेपर्यंत अक्का आल्यागेल्याला सांगत राहिल्या की मी विजापुरात एकली राहिले. त्यांच्या आयुष्यातली ती मोठी मिरवायची गोष्ट झाली. पण त्यांच्या मुलांना काही मजा वाटली नाही. आईला परमुलखात टाकून आले म्हणून ते सरांच्या दारात येऊन बोलले. पारावर, डेअरीत महिनाभर तोच विषय. एकदोघांनी त्यात नको तो रंग मिसळायचाही प्रयत्न केला, तांबोळी म्हणून. सरांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, माझी चूक. आणि सहली बंद झाल्या. पुढच्या दिवाळीला गिरणीवर कागद लागला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी का बोलले नाही? हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलंय की आता उत्तर पाठ झालंय. पहिले दोन दिवस घाबरले होते. मग वाटलं, वातावरण निवळू दे. मग निवळलं, तेव्हा वाटलं आता कशाला उकरायचं. हे झालं वरवरचं. आतलं कारण सांगते. आमच्या वस्तीतून मुख्याध्यापिका झालेली मी पहिली. ज्या गावात माझ्या आजीला पाणी वरून ओतलं जायचं, त्या गावात मी बाई झाले, लोक उठून उभे राहायला लागले. आयुष्यभर मी एक गोष्ट सांभाळली, की माझ्यात चूक काढायला कुणाला जागा ठेवायची नाही. कारण माझी चूक माझ्या एकटीची धरली जाणार नाही, लोक सगळ्यांवर ढकलतील, हे मला लहानपणापासून माहीत होतं. म्हणून गप्प बसले. पण नेमकं हेच सरांनाही माहीत होतं. त्यांचीही चूक त्यांच्या एकट्याची धरली जाणार नव्हती, आणि तशी ती धरली गेलीही नाही. तरी त्यांनी घेतली.

मधल्या वर्षांत आमची भेट व्हायची. रविवारी सकाळी सर त्यांच्या जुन्या लुनावरून लोणीला जायचे, पुष्करणीच्या पायरीवर कागद मांडीवर घेऊन चित्र काढत बसायचे. मीही अधूनमधून एसटीने जायचे. अक्का गेल्या त्या वर्षी मी ठरवून गेले, आज सांगायचंच म्हणून. पायरीवर बसले, म्हटलं, "सर, त्या विजापूरच्या वेळी मी..." त्यांनी पेन्सिल न थांबवता म्हटलं, "बाई, यंदा पाणी दोन पायऱ्या खाली गेलंय बघा." मी वाकून पाण्याकडे बघितलं. त्यांना सगळं ठाऊक आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी माफी मागू नये अशी त्यांची इच्छा आहे हेही. मला तेव्हा फार हलकं वाटलं होतं. आता वाटतं, मी ते इतक्या लवकर मान्य करायला नको होतं. एखाद्या माणसानं मोठेपणानं विषय टाळला म्हणून आपण सुटत नाही.

त्यांच्या चाळिसाव्यानंतर दोन दिवसांनी मी वडगावला गेले. सरांच्या पत्नी जैबूनभाभींची इद्दत, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायचे चार महिने दहा दिवस, चालू आहे, त्या घराबाहेर पडत नाहीत. भाभी म्हणजे सरांच्या अगदी उलट. आवाज चार घरं पलीकडे जाणारा, मनात आलं की तोंडात. दुपारची वेळ होती, सुना शेतावर गेल्या होत्या. पुढच्या खोलीत कॉटवर भाभी मांडीवर वर्तमानपत्र पसरून बसल्या होत्या आणि ब्लेडने पेन्सिलला टोक काढत होत्या. सरांच्या पेन्सिलींचा पत्र्याचा डबा शेजारी होता. म्हणाल्या, सकाळी उठल्यावर एका पेन्सिलीला टोक काढायची सरांची सवय होती, त्या दिवशी चित्र काढायचं असो वा नसो, आणि घरभर ढलप्या होतात म्हणून त्या रोज कटकट करायच्या. आता त्याच काढतात. त्यांना नीट जमत नाही, शिसं मोडतं, मग पुन्हा पहिल्यापासून.

मी सगळं सांगितलं. रुसले होते इथपासून, मान वळवली नाही, सरांनी चूक अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली, इथपर्यंत. भाभींचा हात थांबला.

"म्हंजी त्येंची चूक न्हवती?"

"नव्हती."

"तुमची व्हती."

"होय, माझी."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होते की सहली गावाच्या बोलण्याने बंद पडल्या. भाभी म्हणाल्या, गावाचं त्यांनी कधी ऐकलं होतं? सहली बंद केल्या त्या भाभींनी. एक म्हातारं माणूस सांभाळता येत नाही, लोकांना घेऊन कशाला हिंडता, असं त्या रोज उठता-बसता बोलल्या होत्या. शेवटी गळ्याची शपथ घातली. सरांनी एकदाही उलट उत्तर दिलं नाही आणि शपथ पाळली. पुढेही काही हरवलं, दूध उतू गेलं, गॅस चालू राहिला, की भाभी तेच काढायच्या, विजापूरसारखं करू नका म्हणून.

"मला तर सांगायचं की," त्या म्हणाल्या. मग स्वतःच मान हलवली. "मला सांगितलं आसतं तर म्या सांच्यापातुर गावभर केलं आसतं. त्येस्नी ठावं व्हतं." आणि जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुमी सांगून मोकळ्या झाला, बाई. म्या जे धा वरसं बोलले त्येंला, त्येचं काय करू आता?"

मी माझं ओझं उतरवायला गेले आणि ते त्या बाईच्या डोक्यावर ठेवून आले. त्यांनी मला माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण तसं त्या म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, हे लिहा. पेपरात लिहा, तुमच्या नावानं, गावानं वाचलं पाहिजे. म्हणून हा लेख. माळेगावात, वडगावात तो वाचला जाईल, आणि उद्या मला रस्त्यात पाहून कुणी उठून उभं राहिलं नाही तर मी समजून घेईन.

मी निघायला उठले तेव्हा भाभींनी मला बसायला सांगितलं. हातातली पेन्सिल उलटसुलट करत त्यांनी विचारलं, "तितं कसं आसायचं ओ ते? सहलीत? म्या कदी गेलेच न्हाय. म्हशी व्हत्या, पोरं व्हती. म्या बगितलंच न्हाय त्येंला तितं."

मी आठवायला लागले. सांगितलं की गोल घुमटाच्या त्या अरुंद जिन्यात सर सगळ्यांच्या शेवटी चढायचे, ज्याचे गुडघे दुखतात त्याच्याबरोबर, आणि दम आपल्यालाच लागलाय असं दाखवून थांबायचे. वर घुमटाखाली गोल सज्जा आहे, तिथे एका बाजूला भिंतीशी कुजबुजलेलं पार पलीकडच्या बाजूला ऐकू येतं. लोक तिथे ओरडतात, म्हणून सर आम्हाला दार उघडल्या उघडल्या सकाळी घेऊन गेले होते, सगळं शांत असताना. जोडीतल्या एकाने इकडे, दुसऱ्याने तिकडे. अक्का पलीकडे जाऊन भिंतीला तोंड लावून उभ्या राहिल्या. मी इकडे कान लावला, सर माझ्याशेजारी. एवढ्या मोठ्या इमारतीत, एवढ्या शांततेत, अक्कांचा आवाज अगदी कानाशी आला, "सुशीलाबाय, माझी गाभण म्हस येली आसंल का ओ?"

"मंग?" भाभींनी विचारलं.

मग सर हसले, म्हटलं. भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले.

"मोट्यानं?"

मोठ्यानं. घुमटात किती वेळ ऐकू येत होतं.

भाभींनी ब्लेड वर्तमानपत्रावर ठेवलं. पदर तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. घरात असे कधी हसले नाहीत, म्हणाल्या. मग पदर खाली घेतला, कॉटवर जरा सरकून मला शेजारी जागा केली.

"परत सांगा," त्या म्हणाल्या.

मी परत सांगितलं.